चिठ्ठीत निघालेली बाजू

मॅट्रिकच्या वर्षी मी स्वतःला फार मोठा वक्ता समजत होतो. दारव्ह्याला मावशीकडे राहून शिकत होतो, आणि दिवाळीनंतर शाळेत वादविवाद स्पर्धा होती. विषय होता: मुलींना परगावी शिकायला पाठवावे काय? महाराष्ट्राचं नवं राज्य नुकतंच झालेलं, ज्याच्या त्याच्या तोंडी शिक्षण. 'पाठवावे' म्हणायला अख्खी शाळा तयार. म्हणून गुरुजींनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या हाती 'प्रतिकूल' आली.

दिवाळीच्या सुट्टीत बोरी अरबजवळच्या आमच्या गावी आलो तो रडकुंडीला येऊनच. मला या बाजूचं एक वाक्य सुचेना. सुचलं ते माझ्या धाकट्या बहिणीला. ती गावच्या शाळेत सातवीत होती आणि डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख, हे मी तेव्हाही जाणून होतो, फक्त बोलत नव्हतो. "थांब दादा, मी सांगतो लोकं काय म्हनतेत ते," म्हणाली आणि दुपारभर बसून तिनं चार मुद्दे लिहून काढले. कापूस वेचताना बाया जे बोलायच्या ते सगळं तिनं ऐकून ठेवलं होतं. 'शिकून आलेल्या मुलीला घर पुरत नाही आणि घराला ती पुरत नाही' हे वाक्य तिचंच. मी ओसरीवर हातवारे करत म्हणायचो, ती कागद धरून चुका काढायची. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

बाबा खाटेवर पडून ऐकत असायचे. त्यांचं तोवर ठरत आलं होतं. पुढच्या जूनपासून बहिणीलाही मावशीकडे ठेवायचं, हायस्कुलात घालायचं, असं त्यांनी आईजवळ बोलूनही दाखवलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी बाबा बैलगाडीत कापूस घालून दारव्ह्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, आले होते. गाडी रिकामी करून तसेच शाळेत आले आणि मागे उभे राहिले. मी असा काही बोललो की विचारू नका. पहिला नंबर आला, फाउंटन पेन मिळालं. बाबांच्या गाडीतच गावी निघालो. मी फुगून बसलो होतो. निम्म्या वाटेवर बाबा म्हणाले, "तुह्यं बोलनं पटलं मले. पोरीले नाही पाठवत."

मला आधी वाटलं, थट्टा करतात.

"बाबा, ते माह्यं मत नाही. चिठ्ठी तशी निघालती."

"मत नाही तं इतक्या पोटतिडकीनं कायले बोलला?"

"स्पर्धेत तसंच असते."

"म्हंजे खोटं बोलनाऱ्याले पेन देतेत?"

मी दुसरी बाजू मांडू लागलो, पण तिची तयारी कुठं होती? एकेक मुद्दा काढावा आणि बाबांनी माझंच वाक्य माझ्यापुढं ठेवावं. घरी पोचेपर्यंत मी पुरता हरलो होतो. शेवटी अंगणात उतरताना सांगून टाकलं, "ते सगळं तिनंच लिहून देल्लं होतं."

बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग तं बरंच झालं," ते म्हणाले. "मले वाटे, तिले वाईट वाटन. तिलेही पटलं हाय म्हनाव." त्यात कावा नव्हता. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं, आणि मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं.

बहीण दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी तिला आत नेऊन विनवलं, "तू बोल नं बाबासंग."

"काय बोलू? बोलली तं म्हनतीन, पाहा, आताच इतकं तोंड चालते, शिकल्यावर काय करन."

तो तिचाच चौथा मुद्दा होता. तो मी सर्वांत रंगवून सांगितला होता.

जूनमध्ये मी कॉलेजसाठी अमरावतीला निघालो. वळकटी तिनंच बांधून दिली, गाठ नीट बसली का तेही ओढून पाहिलं. मला परगावी पाठवावं की नाही, हा विषय घरात कोणी काढलाच नव्हता.