वरचा नट आणि माझं कन्नड

तुम्हाला कधी एखाद्या भाषेचा गर्व झालाय का हो? आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या भाषेचा? मला झाला होता. कन्नडचा! आणि तो उतरवायला आमच्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स रिकामा व्हावा लागला. सांगते, पण हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात तर माझ्याच्यानं पुढचं सांगवणार नाही.

नव्वदीतली गोष्ट. ह्यांची पुण्याहून बंगलोरला बदली होऊन तीन वर्षं झाली होती. मल्लेश्वरममध्ये भाड्याचं घर, पुढे फरशीचं छोटं अंगण, अंगणात आमची सेकंडहँड गाडी. ह्यांचं कन्नड म्हणजे ‘कन्नड गोत्तिल्ला’, कन्नड येत नाही. तिथेच सुरू आणि तिथेच समाप्त. मी मात्र भाजीवाली, इस्त्रीवाला आणि कामवाली अशा तीन विद्यापीठांत शिकलेली. मराठी बायकांच्या हळदीकुंकवात कुणी नवीन पुण्याहून आली, की मी ऐटीत सांगायची, “अगं, घाबरू नकोस. कन्नड सोपं असतं. मला विचार.”

त्याच सुमारास मी गाडी शिकत होते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी! आरटीओच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झाले. एकदा चढावर गाडी बंद पाडली आणि एकदा मागे घेताना खांबाला टेकवली. घरी येऊन दोन्ही वेळा सांगितलं, “दुसरा गिअर पडतच नाही, मी तरी काय करणार?” आता खांबाचा आणि दुसऱ्या गिअरचा काय संबंध, असं तुम्ही विचारू नका. ह्यांनीही विचारलं नव्हतं.

तसा तो गिअर होताच रुसलेल्या जावयासारखा. आग्रह केल्याशिवाय जागेवर बसायचा नाही, आणि बसताना खर्रर्र करून साऱ्या गल्लीला ऐकवायचा.

तिसरी टेस्ट सोमवारी होती. ह्या वेळी पास व्हायलाच हवं होतं, कारण मी एक आगाऊपणा करून बसले होते. पुण्याच्या माझ्या वहिनी पुढच्या आठवड्यात येणार होत्या आणि मी त्यांना पत्रात लिहिलं होतं, ‘स्टेशनवर मीच येते, गाडी घेऊन.’ वहिनींनी उलट टपाली एकच ओळ लिहिली. ‘बघू या हं!’ त्या उद्गारचिन्हानं माझी झोप उडाली होती.

रविवारी सकाळी ह्यांनी बाह्या सरसावल्या. “गिअर ऑइल बदलू या. जुनं झालंय, म्हणून गिअर खरखरतो. घरच्या घरी होतं. खाली एक नट असतो, त्यातून जुनं तेल काढायचं. वरच्या बाजूला दुसरा नट असतो, त्यातून नवं भरायचं. झालं!”

“इतकं सोपं?” मी म्हटलं.

“इतकं सोपं.”

साहित्य काय, तर गाडीबरोबर मिळालेला जॅक, चार विटा, दोन पाने, नरसाळं, बागेच्या नळीचा तुकडा आणि माझी जुनी परात. हे सतरंजी घालून गाडीखाली शिरले. बाहेर फक्त पाय.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे अण्णा डोकावले. अण्णा म्हणजे बस डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले गृहस्थ. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून रोग सांगायचे. ते निघाले होते देवनहळ्ळीला लग्नाला. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, दारात रिक्षा थांबलेली. ह्यांचे पाय पाहून त्यांना सगळं कळलं. रिक्षात चढता चढता ते ओरडले, “मोदलु मेले, आमेले केळगे! मरीबेडि!”

आणि रिक्षा गेली.

गाडीखालून घाबरा आवाज आला. “अगं, कोण मेले?”

“कुणी नाही हो मेलं! कन्नड आहे ते.”

“मग काय म्हणाले?”

आता इथे लक्ष द्या. ‘मोदलु’ म्हणजे आधी. ‘केळगे’ म्हणजे खाली. ‘मरीबेडि’ म्हणजे विसरू नका. हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ‘आमेले’ तर मला झोपेतसुद्धा आलं असतं! आमची कामवाली प्रत्येक कामाला ‘आमेले’ म्हणायची. इस्त्रीवाला ‘आमेले बन्नि’ म्हणून परत पाठवायचा. आमेले म्हणजे नंतर. राहता राहिलं ‘मेले’. ते काही मी ऐकलं नव्हतं. पण येत नाही असं म्हणायचं? मी? मी ठरवून टाकलं, की ते ‘आमेले’च असणार. घाईत म्हाताऱ्या माणसाचा ‘आ’ गिळला गेला.

म्हणजे, आधी, नंतर, नंतर, खाली. अर्थ कसा लावायचा? मी लावला!

“अण्णा म्हणतायत, आधी खालचा नट. बाकीचं नंतर, नंतर. दोनदा सांगितलंय त्यांनी.”

“पण मी म्हणतो, भरायचा नट आधी उघडून बघावा का?” हे चाचरत म्हणाले. “तो निघतोय का, ते तरी—”

“कन्नड तुम्हाला येतं की मला?”

पाय थोडे आत ओढले गेले.

“शिवाय,” मी म्हटलं, “आधी वरचा उघडला तर आत हवा जाते.”

हे मी कुठून आणलं, देव जाणे! पण ह्यांना ते पटलं. “असेल, असेल. हवेचं असतं तसं,” असं गाडीखालून अगदी आदरानं आलं.

खालचा नट पहिल्याच झटक्याला निघाला. जळक्या काकवीसारखं काळंकुट्ट तेल परातीत पडू लागलं. वास असा, की जणू दहा अंडी महिनाभर नासवून ठेवलीत! पण आम्ही खूश. शेवटचा थेंब निथळला, ह्यांनी खालचा नट परत घट्ट लावला आणि वरच्या नटाला पाना लावला.

नट हलेना.

ह्यांनी जोर लावला. पाना सटकला, बोटं सोलली. रॉकेल ओतलं. हातोडीनं ठोकलं. पान्याला पाण्याच्या नळाचा तुकडा जोडून लांब केला. मी खोबरेल तेल सुचवलं, तेही झालं. गरम पाणी झालं. होता होता त्या नटाचे सहाही कोन झिजून तो सुपारीसारखा गोल गरगरीत झाला. आता पाना त्याच्यावरून नुसता फिरायचा.

“नवं राहू दे,” मी म्हटलं. “जुनंच परत भरा.”

“कुठून?”

खरंच की! भरायला भोक तेच एक. घर धुऊन काढायला सगळं सामान बाहेर आणावं आणि दाराची किल्ली आत राहून दार ओढलं जावं, तशी गत. परातीत जुनं तेल, डब्यात नवं तेल आणि मधे कोरडी ठणठणीत गाडी. तेलाशिवाय चालवावी तर आतली चाकं घासून भुगा. म्हणजे सोमवारची टेस्ट गेली!

संध्याकाळी अण्णा लग्न जेवून परतले. परात पाहिली, गोल नट पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“अय्यो, अम्मा! नानु एनु हेळिदे? मोदलु मेले! मेले!” मी काय सांगितलं होतं, असं विचारत त्यांनी बोट वर केलं. थेट आभाळाकडे. मग खाली वाकून गाडीच्या पोटाकडे दाखवलं. “आमेले केळगे!”

ते बोट वर गेलं आणि माझा चेहरा खाली. मेले म्हणजे वर! आधी वरचा, मग खालचा! वरचा अडकून बसलेला असला, तर खालच्याला हातच लावायचा नाही आणि गाडी गुमान मेकॅनिककडे न्यायची. एवढं सगळं त्या माणसानं चार शब्दांत सांगितलं होतं, आणि मी त्यातला एक शब्द खाल्ला होता.

हे गाडीखालून हळूहळू बाहेर आले. तोंडाला काळं, केसांना खोबरेल.

“काय म्हणतायत?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण आता अण्णांनी बोटानं दाखवलंच होतं. मी अर्थ सांगितला.

ह्यांनी शांतपणे हात पुसले. “म्हणजे सकाळी मी विचारलं, ते बरोबरच होतं,” ते म्हणाले. “कोण मेले, ते आत्ता कळलं.”

मी रडायच्या बेतात. अण्णांना दया आली. वहिनींचं पत्र त्यांनाही ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ते आत गेले आणि स्वतःच्या गाडीची किल्ली घेऊन आले. वर्कशॉपच्या माणसाची गाडी ती, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी जपलेली. “नाळे नन्न गाडी तगोळि,” ते म्हणाले. उद्या माझी गाडी घ्या. ह्या वेळी मला शब्द न् शब्द कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या गाडीतून टेस्ट दिली. दुसरा गिअर लोण्यासारखा पडला, आणि मी नापास झाले.