मोहरीचं मेंढरू

माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी सासरच्या मंडळींना माझ्याबद्दल जे जे सांगितलं, त्यातलं मी उंच आहे एवढंच खरं निघालं. आवाज गोड, हाताला चव, शिवणकामाचं तर विचारूच नका, हे बाकीचं सगळं त्यांनी इगतपुरीच्या स्टेशनात गाड्यांना हिरवं निशाण दाखवता दाखवता रचलं असावं. आवाजाचं बिंग पहिल्याच रविवारी देवळात फुटलं. माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. हाताच्या चवीचं बिंग फुटलं नाही, कारण सासूबाई मला स्वयंपाकाला हातच लावू देत नव्हत्या.

ही एकोणीसशे तिसाच्या पुढची गोष्ट. नाशकात ख्रिस्ती वस्तीत आमचं घर. घरात माणसं मोजकीच. शाळामास्तर सासरे, मालेगावच्या माहेरच्या सासूबाई, लग्नाची नणंद आणि आमचे हे. घर साधं होतं, पण नाताळच्या झाडाचा थाट काही और होता. झाड म्हणजे घमेल्यात मातीत रोवलेली सुरूची फांदी. तिच्यावर विकतचं काही चढत नसे. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाची एकेक कापडी वस्तू तिच्यावर टांगायची, तीही त्या माणसाच्या अंगावरच्या कापडातून शिवलेली. मामंजींची घंटा त्यांच्या पागोट्याच्या लाल कापडाची. सासूबाईंची मासोळी त्यांच्या हिरव्या लुगड्याची. ह्यांची चांदणी ह्यांच्या तान्हेपणीच्या टोपड्यातून निघालेली. नणंदेचा पोपट होता, आणि तो तिला फार शोभत असे, कारण दोघंही दिवसभर गप्प बसत नसत. म्हणजे पोपट बसे, पण बोलेल असं वाटायचं.

घरात नव्याने आलेल्या माणसाचं काय? तान्हं असेल तर त्याच्यासाठी सासूबाई शिवणार. सून असेल तर तिने स्वतः शिवायचं. आणि तिची वस्तू झाडावर चढेपर्यंत ती या घरात पाहुणी.

हे पाहुणेपण गमतीचं असेल अशी माझी समजूत होती. पण सासूबाई ते अक्षरशः पाळत. पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली. वर्षभराचं लोणचं फरशीवर. मी फडकं शोधतेय, आणि सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या हो. हाताला नाही ना लागलं?" श्रावणात दूध उतू घालवलं, तर "असू द्या, दूधच ते." तेच नणंदेच्या हातून चमचा पडला तरी, "डोळे काय देवळात ठेवून आलीस का गं कार्टे?" मला नणंदेचा हेवा वाटायचा. माझ्या माहेरी दिवसातून चार वेळा तरी कोणीतरी माझ्यावर ओरडत असे, त्याशिवाय जेवण पचत नसे. इथे मी सहा महिने कुणाच्या तरी घरी चहाला आल्यासारखी बसून होते. त्यामुळे एकच ध्यास घेतला होता. काय वाटेल ते होवो, या नाताळात माझी वस्तू झाडावर चढली पाहिजे.

मी मेंढरू शिवायचं ठरवलं. लग्नातल्या झंपराची पांढरी मलमल उरली होती. पांढरं म्हणजे मेंढरू, इतका सोपा विचार.

सासूबाईंनी पद्धत सांगितली. "आधी कापडाला खळ द्या. वाळलं की कापा. मग शिवा. सगळ्यात शेवटी सावरीचा कापूस." मालेगावला घरोघर माग. मागावर चढायच्या आधी सुताला खळ, म्हणजे कांजी, द्यायची, हे त्या जन्मापासून पाहत आलेल्या. आमच्या इगतपुरीचा शिरस्ता उलटा. पावसाने कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, वाळले की मरगळतात, म्हणून तिथे सगळं झाल्यावर शेवटी कांजी. मी मनात म्हटलं, आधी काय नि नंतर काय, कांजी ती कांजीच.

मेंढरू कापलं, शिवलं, कापूस भरला. नणंद डोकावली.

"वहिनी, हे काय? उशी?"

"मेंढरू आहे, वन्सं."

"असं का! मग निजलंय वाटतं."

तिचं चुकत नव्हतं. मला आयुष्यात एकच गोष्ट शिवता येत होती, ती म्हणजे तान्ह्या बाळाची मोहरीची उशी. बहिणीच्या मुलांसाठी ढिगाने शिवलेल्या. त्यावरून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कापूस पायात शिरत नाही, मोहरी कानाकोपऱ्यात शिरते! दुपारी सगळी पेंगत असताना सासूबाईंच्या डब्यातली मोहरी ओतून घेतली नि कापूस काढून मेंढराच्या पोटात भरली. काय सांगू, मेंढरू चारी पायांवर उभं राहिलं! मानही ताठ. मग माहेरच्या रीतीने त्याला कांजीत चांगलं बुचकळून काढलं आणि उन्हात ठेवलं. संध्याकाळी हात लावून पाहिला तर खडखडीत. नणंदेच्या नजरेला पडू नये म्हणून झाकणाच्या डब्यात घातलं आणि डबा चुलीमागच्या कोनाड्यात सरकवला. उबेत आणखी कडक होईल, असा हिशेब.

त्या आठवड्यात सासूबाई दोनदा म्हणाल्या, "फोडणीला मोहरी पुरेना कशी?" मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सगळी झाडाभोवती जमली. घंटा चढली, मासोळी चढली, चांदणी चढली, पोपट चढला. मग सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणा तुमचं."

मी ऐटीत डबा आणला. झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"काय झालं?" हे म्हणाले.

"काही नाही."

नणंदेने डबा हिसकावलाच. आत माझं मेंढरू होतं, पण त्याला लोकर आली होती. मलमलीच्या विणीतून पिवळट पांढरे कोंब पाठभर उभे राहिले होते. पोट फुगून टरटरलेलं. शेपटीकडची शिवण उसवून तिथून तर एक झुपकाच बाहेर आलेला. वरून वाळलेलं मेंढरू आतून ओलंच राहिलं होतं, आणि चुलीमागच्या उबेत मोहरीने आपलं काम चोख केलं होतं.

नणंद हसत खाली बसली, मग आडवी झाली. "वहिनी, हे निजलेलं नव्हतं गं, गाभण होतं!"

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणखी एक वर्ष 'राहू द्या हो' ऐकायचं!

सासूबाईंनी मेंढरू उचलून वास घेतला. "मोहरी?"

"हो."

"कुठली?"

"तुमच्या डब्यातली."

मोहरी म्हटल्याबरोबर मामंजींचे डोळे चमकले. बायबलातल्या मोहरीच्या दाण्यावरचा उपदेश ऐकल्याशिवाय ख्रिस्ती घरात कोणी मोठं होत नाही, आणि मामंजी तर तो विचारायच्या आधी देत. त्यांनी घसा खाकरला. "बघा बरं का, एवढासा तो दाणा—"

"उपदेश उद्या देवळात," सासूबाई म्हणाल्या. "दोरा आणा."

दोरा आला. सासूबाईंनी तो मेंढराच्या पाठीत ओवून सगळ्यात जाड फांदी बघून बांधला आणि हात सोडला. ओल्या मोहरीचं ते वजन! फांदी वाकली, आणखी वाकली, घंटा-मासोळी एकमेकींवर आपटल्या, पोपट उलटा झाला, आणि मेंढरू सावकाश खाली उतरून घमेल्यातल्या मातीवर चारी पाय टेकून उभं राहिलं.

"हे काय टांगणं झालं?" नणंद डोळे पुसत म्हणाली. "हे तर चरायला गेलं. वहिनी अजून पाहुणीच!"

सासूबाई खाली वाकल्या. दोरा कुठून कुठे जातो ते पाहिलं, गाठ ओढून पाहिली. मला तर वाटलं, त्या आता माझ्या वडिलांनाच इगतपुरीहून बोलावतात.

"दोरा फांदीला आहे ना?" त्या म्हणाल्या.

"आहे, पण—"

"मग टांगलेलंच आहे. पणबिण काही नाही." त्यांनी हात झटकले, पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या. "आता इकडे ये तू. फोडणीच्या मोहरीला न विचारता हात लावलास? तोंड नव्हतं तुला? आणि शिवून झाल्यावर खळ कोण देतं गं? मी भिंतीशी बोलत होते का? चल आत, करंज्यांना हात लाव. लाटता लाटता ऐक. ती लोणच्याची बरणी! माझ्या आईची बरणी होती ती! डोळे काय तिकडे घाटात ठेवून आलीस?"

मी परातीसमोर बसले. त्या बरणीवरून उतू गेलेल्या दुधावर आल्या. माझ्या करंज्या तोंड उघडून पडत होत्या, त्यावरही त्या बोलल्या. मी मान खाली घालून एकेक शब्द ऐकत होते. आवाज असा तापत चाललेला की ओटीवर मामंजींनी दार हळूच लोटून घेतलं. हसू दाबताना माझ्या नाकात पीठ गेलं.

नणंद दारात आली. "आई, पुरे आता. वस्तीतल्या बायका फाटकाशी आल्यात."

"येऊ देत," सासूबाई माझ्या हातातलं लाटणं काढून घेत म्हणाल्या, "मी अजून श्रावणातच आहे."