फुटली की नुसती लागली

जिनिंगमध्ये तासभर उभं राहिलं तरी अंगावर रुई चिकटते. घरी येऊन कितीही झटका, दुसऱ्या दिवशी कॉलरच्या आत थोडी सापडतेच. आमच्या पेंटबॉलच्या ग्राउंडवरचे किस्से तसेच आहेत. मी तिथे एका फोटोसाठी गेलो होतो. तो मिळायला आठ महिने लागले आणि तेवढ्यात हे बाकीचं अंगाला चिकटलं.

आधी जागा सांगतो. यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळ कापसातली सरकी काढायची जिनिंग आहे, संजूभाऊंची. माझे शाळेपासूनचे मित्र, दोन वर्षांनी मोठे म्हणून भाऊ. बोंडअळीच्या त्या वर्षांत कापूस एवढा कमी आला की मशिनं दोन हंगाम बंदच राहिली. माझा धंदा लग्नांच्या फोटोंचा. खेड्यापाड्यातली लग्नं आटोपशीर झाली, तसा मीही रिकामाच होतो. त्यात संजूभाऊ पुण्याला भाच्याकडे गेले, तिथे पेंटबॉल खेळले आणि येताना बारा गन, बारा मास्क आणि रंगाच्या गोळ्यांची खोकी घेऊनच उतरले. आवारात बारदान्याचे ढीग, जुने ड्रम आणि मोडकी मशिनं होतीच. लपायला याहून चांगली जागा पैसे देऊन मिळाली नसती.

जिनिंगची सहा जुनी माणसं त्यांनी तशीच कामावर ठेवली. फक्त एक अडचण होती. सिमेंटचा एक व्यापारी सगळीच जागा गोदामासाठी मागत होता.

"विनू, दिवाळीपर्यंत पाहतो," संजूभाऊ मला म्हणाले. "आर्णी रोडवर मोठा बोर्ड लावतो. अंगावर गोळी फुटून रंग उडून राह्यला, असा एक फोटो दे मले. पाहणाऱ्याची गाडी इकडे वळली पाहिजे. नाही जमलं, तर चावी त्याले देऊन मोकळा होतो."

चावी गेली की ती सहा माणसंही जाणार होती. म्हणून मी मनावर घेतलं.

*

पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढले की तोंडाला एक सवय लागते. पहिल्याच रविवारी एका शाळेचे मास्तर लोक खेळायला आले. एक सर ड्रमच्या आडून मस्त नेम धरून बसले होते. प्रकाश चांगला होता, फ्रेम चांगली होती. मी सवयीनं म्हणालो, "सर, इकडे बघा."

सर उठून उभे राहिले. गन छातीशी धरली, पोट आत घेतलं आणि माझ्याकडे बघत थांबले. पलीकडून सात गोळ्या आल्या. सर हलले नाहीत. माझं क्लिक झाल्यावरच खाली बसले आणि विचारलं, "नीट आला ना?"

सातही गोळ्या त्यांच्या पाठीवर फुटल्या होत्या. मी समोर होतो. फोटो मात्र पासपोर्टला चालेल इतका स्वच्छ आला.

*

खरी पंचाईत मास्कची होती. खेळताना मास्क काढायचा नाही, हा नियम कडक. पण मास्कमध्ये सगळे सारखेच दिसतात. फोटो दाखवले की लोक विचारायचे, "यातला मी कोणता?"

एकदा बँकेतल्या दोन जोड्या आल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एका वहिनी स्टुडिओत आल्या, नवऱ्याचा धावतानाचा फोटो निवडला आणि मोठा करून फ्रेम करायला सांगितला. फ्रेम न्यायला दोघं आले. नवरोबांनी फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "अगं, हा मी नाही. हा आपला कुळकर्णी आहे."

वहिनींनी फ्रेम पुन्हा हातात घेतली, जवळ नेऊन बघितली आणि पिशवीत टाकली.

"असू द्या. यात पोट नाही दिसत तुमचं," त्या म्हणाल्या.

*

आता त्या सहा माणसांतल्या गणपतराव मुकादमांबद्दल सांगायला हवं, कारण ग्राउंड चालायचं ते त्यांच्यामुळे. जिनिंग चालू असताना कापसाची गाडी आली की मुकादम गाडीतून मूठभर कापूस उपसायचे, दोन बोटांत ओढून धागा बघायचे, चोळून ओल बघायचे आणि उन्हात धरून निकाल द्यायचे. मग फाटकाकडे तोंड करून आवाज टाकायचे, "चला, पुढची गाडी येऊ द्या." तो आवाज आला की चौकीदार फाटकाची दोन्ही दारं उघडायचा, कारण कापसानं भरलेली गाडी एका दारातून मावत नसे. जिनिंग बंद पडल्यापासून मोठं फाटक बंदच होतं. खेळायला येणारे बाजूच्या छोट्या दारातून यायचे.

संजूभाऊंनी मुकादमांना शिट्टी देऊन पंच केलं. या खेळात गोळी अंगावर फुटली तरच माणूस बाद. नुसती लागून उडाली तर खेळ चालू. आता हे कोण ठरवणार? मुकादम जवळ जायचे, डाग दोन बोटांत चोळायचे, बोटं उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "फुटली." किंवा, "नुसती लागली."

वणीहून कोळशाच्या ट्रकवाल्यांची दणकट पोरं आली होती. त्यांच्यात जोरात भांडण लागलं. एक म्हणे मी बाद नाही, बाकीचे म्हणत हा बाद आहे, पाठ बघा ओली आहे. हातघाईवर यायची वेळ झाली. मुकादम शांतपणे आले, त्याच्या शर्टाची पाठ चिमटीत धरली, चोळली, बोटं उन्हात धरली.

"ओल हाये," ते म्हणाले, "पण हा घाम हाये. खेळू द्या त्याले."

पोरं आपापल्या जागी परत गेली. कापसाच्या भावावरून तापलेले लोक ज्यांनी वर्षानुवर्षं हाताळले, त्यांना ही पोरं काय जड जाणार होती!

*

माझ्या शर्टाचं सांगितलं पाहिजे. फोटोग्राफर वेगळा दिसावा म्हणून मी पांढरा शर्ट घालायचो. मला वाटायचं, पांढरा रंग म्हणजे याला मारू नका. खेळणाऱ्यांना वाटायचं, पांढऱ्यावर रंग छान दिसतो. बायकोनं चार रविवार शर्ट मुकाट्यानं भिजवले. पाचव्या रविवारी तो दारातच हातात घेतला आणि म्हणाली, "होळी वर्षातून एकदाच असते, हे त्यांना तुम्ही सांगता की मी येऊ?"

ती आलीच. मास्क लावून खेळली आणि तिनं पहिली गोळी मलाच मारली. मुकादमांनी येऊन शर्ट चोळला आणि बिचाऱ्यांनी खरं तेच सांगितलं, "फुटली."

*

एका सरकारी ऑफिसचा सगळा स्टाफ साहेबांना घेऊन आला. निम्मे साहेबांच्या बाजूला, निम्मे विरुद्ध. शिट्टी झाली आणि साहेब मैदानाच्या मधोमध हात मागे बांधून ऑफिसात राऊंडला निघाल्यासारखे चालू लागले. समोर सहा गन होत्या. एकही वाजली नाही. एक क्लार्क तर बारदान्याच्या मागून आदरानं म्हणाला, "सर, थोडे खाली बसता का? तुमच्या मागचा दिसून नाही राह्यला."

साहेबांनी एकेक करून पाच जणांना बाद केलं. मग ड्रममागून तायडे मामा उठले. ऑफिसचे शिपाई. तीन गोळ्या, तिन्ही साहेबांच्या छातीवर.

साहेब थबकले. "तायडे, तुम्ही?"

"हो जी साहेब. तीस तारखेले रिटायर होऊन राह्यलो."

साहेबच आधी हसले, हे चांगलं झालं. मीही इतका हसलो की कॅमेरा हलला. तीन गोळ्या तीन पावलांवर फुटल्या आणि माझ्याकडे फोटो आला तो आकाशाचा. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं. दिवाळीला वीस दिवस उरले होते आणि बोर्डाची चौकट आर्णी रोडवर रिकामी उभी होती.

*

दिवाळीआधीचा शेवटचा रविवार. कॉलेजच्या प्राध्यापकांचा ग्रुप आला आणि दोन माणसं कमी पडली. एका बाजूला संजूभाऊ उभे राहिले. त्यांनी तोवर कधी मास्क लावला नव्हता. दुसऱ्या बाजूला कोणीच मिळेना, तेव्हा त्यांनी मुकादमांच्या हातात गन दिली.

"मी पंच हाये जी," मुकादम म्हणाले.

"एक डाव पंच नसला तरी चालते," संजूभाऊ म्हणाले.

प्राध्यापक मंडळी एकमेकांना मारून लवकरच संपली. उरले हे दोघे. चार वाजले होते, ऊन बाजूनं येत होतं, मी नेमक्या जागी होतो. मुकादम बारदान्याच्या ढिगामागे. संजूभाऊ त्यांच्यापासून वीस पावलांवर, उघड्यावर. मुकादमांनी गन उचलली आणि पुन्हा खाली केली.

"मालक, बाजूले व्हा ना जी."

"काहून?"

"तुमच्या वडिलांपासून नोकरी केली मी इथं. कसा मारू तुमाले?"

संजूभाऊंनी आपली गन जमिनीवर ठेवली आणि सरळ उभे राहिले. "मुकादम, उद्या सकाळी तो सिमेंटवाला चावी न्याले येऊन राह्यला. विनूले फोटो पाहिजे. मारा."

मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून 'इकडे बघा' निघालं नाही.

गन वाजली. मी बटण दाबलं. स्क्रीनवर पाहिलं तर गोळी छातीवर अर्धी उघडलेली, नारिंगी रंगाचे थेंब हवेतच, आणि मागे जिनिंगचं धुराडं. "आला," मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले, ते लपवायचं कारण नाही.

संजूभाऊंनी रंगलेल्या हातानं खिशातून फोन काढला. "हॅलो. हाव, मीच बोलून राह्यलो. उद्या येऊ नका."

तेवढ्यात मुकादम गन ठेवून त्यांच्याजवळ आले होते. त्यांनी मालकांच्या छातीवरचा रंग दोन बोटांत घेतला, चोळला, बोटं उन्हात धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"फुटली," ते हळूच म्हणाले.

मग फाटकाकडे तोंड करून, दोन हंगाम कोणी ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाले, "चला, पुढची गाडी येऊ द्या."

चौकीदार स्टुलावरून उठला आणि त्यानं मोठ्या फाटकाची दोन्ही दारं उघडली.