चिचपल्लीच्या टपरीवर संपलेले लाडू

त्या शर्यतीतले लाडू माझ्या मित्राने खाल्ले नव्हते. ते मी खाल्ले. हे एवढंसं वाक्य मी आजवर बायकोजवळ, भावाजवळ, कुणाहीजवळ बोललो नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस, त्यामुळे एक गोष्ट दडवलेली कुणाच्या लक्षातही आली नाही. आता पन्नाशी उलटली आहे. लिहूनच टाकतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी सावलीजवळच्या आमच्या गावात वाचनालय सांभाळायचो. सांभाळायचो म्हणजे दोन कपाटं, एक बाक आणि चार दिवसांनी येणारी वर्तमानपत्रं. माझा मित्र तलावाची मासळी सायकलवर टोपल्यात घालून गावोगाव विकायचा. पहाटे जाळं ओढायचं, मग वीस किलोचं ओलं टोपलं कॅरियरला बांधून आठवडाभर आठ बाजार. मागून मांजरं, पुढून कुत्री. त्याला सायकल जोरात मारायला कुणी शिकवलं नव्हतं. मासळी खराब होऊ नये म्हणून तो जोरात जायचा, एवढंच.

एका हिवाळ्यात सावलीच्या क्रीडा मंडळाने मोठी शर्यत ठेवली. सावलीहून मूलमार्गे चंद्रपूर आणि परत, शंभराच्या वर किलोमीटर, साध्या सायकलींवर. पहिलं बक्षीस गिअरची नवी सायकल. आख्खा गाव मित्राच्या मागे लागला आणि मी स्वतःला त्याचा मॅनेजर नेमून टाकलं. कारण वाचनालयातल्या एका पुरवणीत मी परदेशातल्या लांबच्या शर्यतींवरचा लेख वाचला होता. सायकलवाले चालत्या सायकलवर खातात. पाय थकत नाहीत, पोट थकतं. तासन्‌तास पायडल मारणाऱ्या माणसाच्या अंगातली साखर संपली की मोठ्यातला मोठा पहिलवानही रस्त्याच्या कडेला बसतो. लेखातला मुख्य नियम मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतला होता: भूक लागायच्या आधी खायचं.

गावाला हे काही पटत नव्हतं. पानठेल्यावर रोज परिषद भरायची.

"पोट खाली पाह्यजे. पोट हलकं तं सायकल हलकी," एक जण म्हणायचा.

"अंडे दे त्याले, बारा अंडे."

"बारा अंडे खाऊन तो सायकल चालवन का उबवत बसन बे?"

आम्ही प्रयोग केले. केळी खिशात चेंदून गेली. ग्लुकोजची पुडी चालत्या सायकलवर फोडली तर अर्धी पावडर डोळ्यांत गेली आणि मित्र सरळ धानाच्या एका बांधीत, शेतात, उतरला. भात-मासळी खाऊन निघाला तेव्हा पाच किलोमीटरवर झाडाखाली झोपलेला सापडला. "झोप काऊन लागते बे मॅनेजर?" त्याने उलट मलाच विचारलं. लेखात त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर त्याच्या वहिनीने दिलं. वहिनी वैनगंगेच्या पलीकडची, जंगलातल्या गावची. आमच्या गावात मोह म्हटलं की लोकांना फक्त दारू आठवायची. तिच्या माहेरी मोह हे खाणं होतं. उन्हाळ्यात वेचून वाळवलेली फुलं ती लोखंडी तव्यावर भाजायची, मग भाजलेले तीळ आणि जवस टाकून उखळात कुटायची. गूळ लागायचा नाही, फुलांचाच चिकटपणा लाडू धरून ठेवायचा. लिंबापेक्षा लहान, काळपट, दिसायला अगदी साधा. पण दोन घासांत संपतो, हाताला चिकटत नाही, खिशात फुटत नाही. मित्राने दोन लाडू खाल्ले, मूलला जाऊन आला आणि परत आल्यावर म्हणाला, "अजून जाऊ का?"

"मोहानं चढत नाई का वहिनी?" मी एकदा विचारलं होतं.

"नीट भाजलं तं कायची चढते जी भाऊजी? ओलं राह्यलं तं आंबते. म्या करपतवर भाजतो." मग हसून म्हणाली, "तुमच्या पेपरात लिवलं नाई वाटते."

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिने चोवीस लाडू वळून ॲल्युमिनियमच्या डब्यात भरून माझ्याकडे दिले. सोबत आंबिलीचं प्लास्टिकचं कॅन. "तुमच्या भरवशावर हाय," म्हणाली.

सकाळी सातला शर्यत सुटली. मी मागून आणलेल्या लूना मोपेडवर, डबा पुढच्या पिशवीत. पहिल्या तासाभरात मी इतक्या वेळा पुढे-मागे केलं, इतक्या सूचना दिल्या की शेवटी मित्र ओरडला, "चूप ना बे, मासे पळून जातीन!" मूलला त्याने चार लाडू घेतले, चालत्या सायकलवर खाल्ले. माझी वही बरोबर होती. तो पहिल्या तिघांत होता.

मंडळाचा नियम असा होता की सोबतच्या गाड्यांनी चंद्रपूरच्या अलीकडच्या चिचपल्लीच्या पुढे यायचं नाही, शहरात गर्दी होते. म्हणून मी तिथल्या एका चहाच्या टपरीवर थांबलो. सायकलवाले चंद्रपूरला वळसा घालून येईपर्यंत पावणेदोन तास तरी जाणार होते. दोन्ही बाजूंनी जंगल, थंडी, आणि काळजीपोटी मी सकाळपासून काहीच खाल्लेलं नव्हतं.

पहिला लाडू मी तपासायला खाल्ला. खराब तर झाला नाही ना, हे मॅनेजरने बघायलाच हवं. खराब नव्हता. दुसरा त्याची खात्री करायला.

"काय खाऊन राह्यले जी?" टपरीवाल्याने विचारलं.

मी एक दिला. त्याने डोळे मिटून खाल्ला. मग चहा पुढे केला आणि पैसे घेतले नाहीत. "अजून एक हाय का?" आता फुकट चहा पिऊन नाही कसं म्हणायचं? त्याला दिला आणि त्याला एकट्याला खाताना बघणं बरं दिसत नाही म्हणून मीही घेतला. पुढचं सगळं मला नीट आठवतं, म्हणूनच त्रास होतो. मी त्याला लांबच्या शर्यतींत माणसं काय खातात ते समजावत होतो. भूक लागायच्या आधी खायचं, असं म्हणत मी भूक लागायच्या आधी खात होतो. तो नियम त्या दिवशी आख्ख्या शर्यतीत मी एकट्याने पाळला. डब्यात हात गेला आणि बोटांना पत्रा लागला तेव्हा मी बोलायचा थांबलो. टपरीवाल्याला तीन गेले होते. उरलेले सतरा माझे.

टपरीवर बिस्किटांचे पुडे टांगलेले होते. दोन पुडे घ्यायला काही लागत नव्हतं. पण बिस्किटं हातात ठेवली असती तर लाडू कुठे गेले हे सांगावं लागलं असतं. मी बिस्किटांकडे बघत बसलो आणि तेवढ्यात वळणावर मित्र दिसला. एकटा. पहिला!

मी धावत जाऊन आंबिलीचं कॅन दिलं. तेही अर्धंच होतं, लाडवांनी तहान लागते. त्याने गटागटा पिऊन फेकलं.

"लाडू?"

"मूलले देतो! थांबू नको, तू पह्यला हायेस!"

त्याने मान हलवली आणि गेला. माझ्यावर विश्वास ठेवून गेला.

माझा बेत असा होता की लूनाने त्याला गाठायचं, मूलला गूळ-फुटाणे, जिलेबी, जे मिळेल ते घ्यायचं आणि डबा रस्त्यात पडला म्हणून सांगायचं. पण सकाळच्या माझ्या मॅनेजरगिरीत पेट्रोल संपलं होतं. ऐन जंगलात लूना बंद पडली. लूनाला पायडल असतात. मी मारायला लागलो.

आणि इथे मला हसू येतं, आजही येतं. ज्याने पायडल मारलेली लूना पाहिली आहे त्याला माहीत आहे, माणूस एका किलोमीटरमध्ये जीभ बाहेर काढतो. मी वाचनालयात बसणारा माणूस. पण मी दहा-बारा किलोमीटर ते धूड हाणत नेलं. घाम आला, पण दम लागला नाही, पाय भरून आले नाहीत, चढावर मी उतरलोसुद्धा नाही. वहिनीचे सतरा लाडू आत काम करत होते. मंडळाची जीप बाजूने गेली तेव्हा आतला एक जण वाकून म्हणाला, "भाऊ, तुमीच काऊन नाई उतरले शर्यतीत?" त्या लाडवांची याहून मोठी परीक्षा झाली नसेल, आणि निकाल मला एकट्याला कळला होता.

मूलला पेट्रोल टाकलं, गूळ घेतला आणि निघालो. सावली आठ किलोमीटरवर असताना रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली. मित्र धानाच्या रिकाम्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. चप्पल काढत होता, घालत होता, परत काढत होता. समोर वाळलेल्या धसकटांकडे बोट दाखवून विचारत होता, "हा तलाव कोणाचा हाय जी?" लोक हसत होते. त्याच्या बाजूने एकामागून एक सायकली जात होत्या.

मी गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला, मग दुसरा. दहा मिनिटांत तो माणसात आला. लेखात तसंच लिहिलेलं होतं.

"काय खाऊ घातलं बे याले?" कुणीतरी मला विचारलं.

मी डबा उघडून दाखवला. "मोहाचे लाडू. सारे संपले."

या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. मी ते मनात अनेकदा तपासून पाहिलं आहे.

"मोहाचे! मंग चढली त्याले!" गर्दी खदखदून हसली. "गुळानं उतरली पाहा!"

मित्र पुन्हा सायकलवर बसला आणि अकरावा आला. नवी सायकल गडचांदूरकडच्या एका पोराने नेली, चांगला होता. सावलीच्या बसस्टँडवर वहिनी पोरांना घेऊन आली होती. आमच्याआधी बातमी पोचली होती. "वहिनी, तुमच्या लाडवानं देवराले पाडलं!" सगळे हसले, तीही हसली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "खाल्ले ना जी साऱ्याच्या सारे?"

"हो," मी म्हणालो. हे मात्र खोटं होतं.

संध्याकाळी मित्रही म्हणाला, "मले तं चारच आठवते गड्या."

"कसं आठवन? शुद्ध होती का तुले?" मी म्हणालो. त्याने ते मान्य केलं. मी पेपर वाचणारा होतो ना.

मित्राचं नुकसान भरून निघालं. पुढच्या वर्षी तो बिस्किटं आणि गूळ बांधून उतरला, दुसरा आला आणि भिंतीवरचं घड्याळ जिंकलं. ते अजून चालतं, दहा मिनिटं पुढे. तो दिवस आठवला की तोच सगळ्यात जास्त हसतो. "हा तलाव कोणाचा हाय जी?" हे आमच्या गावात आजही म्हणतात, कुणी गोंधळला की.

वहिनीने मात्र लाडू करणं थांबवलं. आधी हिवाळ्यात दहा घरी वाटायची. दोन हजारनंतर बचत गट आले, गडचिरोलीच्या प्रदर्शनात मोहाचे लाडू मांडायचं ठरलं. गटातल्या बाया तिला बोलवायला आल्या तेव्हा मी तिथेच होतो. "माह्या हातच्यानं माणूस पडते जी," म्हणून तिने हसून त्यांना वाटेला लावलं. त्या गेल्यावर चुलीपाशी बसली आणि मला म्हणाली, "तुमाले सांगतो भाऊजी, त्या राती मीच कमी भाजले असन. घाई झाली होती. थोडे ओले राह्यले असन."

मी चहाचा कप खाली ठेवला. सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. बाहेरून तिचा मुलगा आला आणि मी चहा चांगला झाला म्हणालो.

फुलं ओली नव्हती. ती नीट, करपतवर भाजलेली होती. सतरा लाडू खाऊन मी लूना दहा किलोमीटर हाणली आणि मला काही चढलं नाही. हे वहिनीला, तिच्या दिराला आणि त्या दिवशी बसस्टँडवर हसलेल्यांपैकी जे जे आहेत त्यांना, तिच्यासमोर, तोंडाने सांगण्याचं देणं मी लागतो. इथे लिहिलं म्हणून ते फिटलेलं नाही.