पैनगंगेच्या डोहातली सरळ वाट

सुनीलचा फोन आला तेव्हा मी सकाळची गोळी घेण्यासाठी पाण्याचा पेला हातात धरून उभा होतो. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला. सुनील माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. त्याची आई म्हणजे माझी सुभद्रा वहिनी. या गोष्टीला आता दीड महिना होईल. मी उभा जन्म बंदरात पाणबुड्या म्हणून काढला. बुडालेले पडाव-होड्या, तुटलेले नांगर, जहाजांचे तळ हे सगळं गढूळ पाण्याखाली जाऊन चाचपायचं, ही माझी नोकरी. वऱ्हाडातल्या पोराला हे कोणी शिकवलं, असं लोक विचारायचे आणि मी बंदरातल्या आमच्या उस्तादांचं नाव सांगायचो. ते खोटं नव्हतं. पण पाण्याखाली वाट कशी धरायची, हे मला शिकवलं ते वहिनीनं. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं.

वहिनी छप्पन साली लग्न होऊन केळापूरकडून आमच्या घरी आली. आमचं गाव महागावच्या खाली, पैनगंगेच्या काठावर. मी तेव्हा सोळा वर्षांचा, शाळेपेक्षा डोहात जास्त असायचो. माझं पोहणं बघून गावच्या एका ओळखीच्या माणसानं मला बंदरावर कामाला लावून दिलं. आधी दोन वर्षं दोर ओढले, मग साठ सालाच्या सुमारास पाणबुड्यांच्या तुकडीत शिकाऊ म्हणून घेतलं. पाठीवर हवेच्या टाक्या, डोळ्यांवर काच, मनगटावर होकायंत्र. श्वास घेणं, खाली टिकणं, सगळं जमलं. अडलं ते एकाच ठिकाणी. बंदराच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. तिथं होकायंत्र डोळ्यांशी धरून त्याच्या चमकत्या काट्यावर नजर ठेवून, पायांचे फटके मोजत सरळ जायचं, बुडवलेला लाकडी खांब गाठायचा, तिथून काटकोनात वळून दुसरा गाठायचा आणि परत यायचं, ही परीक्षा. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा भलत्याच धक्क्याखाली बाहेर निघालो. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी एक जुनं होकायंत्र आणि डोळ्यांची काच माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "एक महिना घरी जा. परत आलास की शेवटची संधी. नाही जमलं तर मग कायमचा घरी."

दिवाळी नुकतीच झाली होती. घरी मी कोणालाच काही सांगितलं नाही. पहाटेच डोहावर जायचो आणि या काठापासून पलीकडच्या काळ्या खडकापर्यंत एका दमात पाण्याखालून जायचा प्रयत्न करायचो. टाक्या नव्हत्या, पण डोहही तेवढाच रुंद होता. रोज खडकाच्या डाव्या बाजूला कुठेतरी झुडपात बाहेर निघायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी वहिनी धुणं घेऊन आली होती. पिळा हातात तसाच धरून ती म्हणाली, "भाऊजी, तुमी रोज डाव्या अंगाले काहून जाऊन राह्यले?"

"मी सरळच जातो."

"मी तीन दिवस पाहून राह्यली ना! काय भानगड आहे, ते सांगा मले."

मग मी सगळं सांगून टाकलं. ती दगडावर बसून ऐकत राहिली. आमचं वावर आठ एकर, त्यात दादा, वहिनी आणि आई राबत होते. माझ्यासाठी तिथं काम नव्हतं हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती येताना वाळलेला भोपळा घेऊन आली, पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसला. सुताड्याचं, म्हणजे बारीक दोरीचं, एक टोक भोपळ्याला, दुसरं माझ्या कमरेला. "आता जा. तुमी खाली, अन् हा वर. मले समजन कुठं बिघडते ते." मी खालून जायचो, भोपळा वरून माझ्यामागं यायचा आणि ती काठावरून बघायची. आठवडाभर तिनं एवढंच केलं. मग वाळूत काडीनं रेघ ओढून दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, आणि तिथून डावीकडं वाकलेली.

"मधात गेल्यावर काय होते तुमाले?"

मला लाज वाटत होती, पण सांगितलं. मध्यावर उजेड संपतो. वर कुठं, खाली कुठं, कळत नाही. काटा एक सांगतो, अंग दुसरंच सांगतं. अंग इतक्या जोरानं सांगतं, की मी काट्याकडं बघायचंच सोडून देतो.

"काटा खोटा बोलते काय?"

"नाही."

"मंग?"

त्या दिवशी खळ्यावर तिनं फडक्यानं माझे डोळे बांधले आणि समोरच्या कडुनिंबापर्यंत चालायला लावलं. मी गेलो तो थेट बाभळीच्या कुंपणात. काटा काढताना तिनं माझा डावा पाय हातात घेऊन निरखला. लहानपणी बैलगाडीवरून पडून तो मोडला होता. "हा पाय कमी जोर लावते," ती म्हणाली. "म्हणून तुमी तिकडं वळता. तुमाले वाटते सरळ आहे, पण पायाले नाही समजत." इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

गावात कुजबुज सुरू झाली होती. दीर-भावजय रोज नदीवर काय करतात! दादा जेवताना म्हणाला, "लोक काय म्हणतीन, थोडा विचार करावा." वहिनीनं त्याच्या ताटात भाकर वाढली. "मंग तुमीच चाला ना सोबत. काठावर बसा, विडी प्या. लोकायले दिसू द्या तुमी बसले ते." दादा दुसऱ्या दिवसापासून खरंच येऊन बसायला लागला.

महिना संपायला सहा दिवस उरले असताना तो प्रसंग घडला. दादा बैलांना पाणी दाखवायला वरच्या अंगाला गेला होता. डोहाच्या तळाशी पुरात वाहून आलेलं बाभळीचं झाड अडकलं होतं. त्याच्या फांद्यांत माझं सुताडं गुंतलं. मी ओढलं, तसं ते आणखी आवळलं. छाती फुटायला आली. कसाबसा कमरेची गाठ सोडली आणि दिशा न बघता वर आलो, तो अलीकडच्याच काठाजवळ, पण प्रवाहाच्या खालच्या अंगाला. धाप टाकत वळून बघतो तर भोपळा मध्यावर एका जागी डुलतोय आणि वहिनी त्याच्याकडं पाण्यातून चालत निघालेली. पाणी तिच्या गळ्याशी आलेलं. मी किंचाळलो, "वहिनी, मी इकडं!" तिनं वळून पाहिलं, तिचा पाय घसरला आणि ती पाण्याखाली गेली. मी पोहत गेलो आणि दंड धरून तिला बाहेर आणलं. दोघंही वाळूत बसलो. पदर पिळत ती म्हणाली, "घरी नोका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातून उठलोच नाही. पोटात दुखतं म्हणालो. वहिनीनं भाकरीचं ताट आणून ठेवलं. ताटाशेजारी माझी काच आणि होकायंत्र होतं. "जेवा अन् चाला," ती म्हणाली. "मी बी भ्याली होती काल. पर आजही येणार आहे मी."

मी गेलो. झाड टाळून दुसरी ओळ धरली. मध्यावर उजेड संपला, अंग ओरडायला लागलं. मी फक्त काटा बघितला, डाव्या पायाचा फटका मुद्दाम जास्त लावला आणि मोजत राहिलो... डोकं काळ्या खडकावर आपटलं. वर आलो तेव्हा दादा उभा राहून हातवारे करत होता. वहिनी म्हणाली, "आता वापस या. एका बारीनं काही होत नसते." उरलेल्या दिवसांत तिनं मला किती फेऱ्या मारायला लावल्या, त्याचा हिशेब नाही.

बंदरावरची परीक्षा मी पास झालो. दोन्ही खांबांना हात लावून निघालो तिथंच परत आलो. उस्तादांनी पाठीवर थाप मारली. त्याच दुपारी आनंदाच्या भरात मी घरी तार केली आणि केवढा गोंधळ उडवून दिला! त्या काळी गावात तार आली म्हणजे कोणीतरी गेलं. आईनं तार न वाचताच रडायला सुरुवात केली, शेजारच्या बाया जमल्या. तेव्हा वहिनी पुढं झाली, "आधी वाचा तर खरं!" मजकूर एका शब्दाचा होता. 'पोचलो.' त्यावर ती आत गेली आणि चुलीपाशी बसून एकटीच रडली, हे दादानं मला खूप वर्षांनी सांगितलं.

दादाला जाऊन बारा वर्षं झाली. शेवटची तीनेक वर्षं वहिनीला दिसत नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन करूनही उपयोग झाला नाही. मी मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. ती खाटेवरून उठून न्हाणीकडं निघाली, तसा मी धावत जाऊन हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला. "मले धरू नोका, भाऊजी. फक्त वाटंत काही ठेवू नोका." आणि भिंतीला बोटं लावत, सावकाश, न अडखळता गेली. तेच आमचं शेवटचं भेटणं.

तेरवीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. जेवणं उरकल्यावर कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची वहिनीच्या खोलीच्या दाराशी, न्हाणीकडच्या भिंतीला टेकवून ठेवली. सुनीलची बायको मंगला हातात पाण्याची घागर घेऊन तिकडून चालली होती. तिनं घागर खाली ठेवली, खुर्ची उचलून अंगणात नेली आणि मग परत येऊन घागर उचलली.