न चाखलेलं पाणी

अठ्ठावन्न, एकोणसाठ… जपमाळेचे मणी अनसूयाबाईंच्या बोटांखालून सरकतायत आणि पापण्या जड होतायत. पुढ्यात गावतळ्याच्या पाण्याचा तांब्या, वर झाकण. जप संपला की हे सगळं पाणी तुळशीला, मगच विहिरीच्या पाण्याचा घोट स्वतःच्या घशाखाली. हे व्रत थोरल्या जाऊबाईंनी, यमुनाक्कांनी, देवाघरी जाताना त्यांच्या पदरात घातलेलं. तेरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. तरी महिनाभर तुळस पानं टाकतेय. आपल्याच भक्तीत काय उणं पडलं असेल?

साठावा मणी सरकतच नाही. तुळशीपलीकडे यमुनाक्का बसल्यात, लुगड्याचा काठ पिळत.

"भिजलात कशा, अक्का?"

"तुझ्या स्वयंपाकघरातून आल्ये ना!"

वळून बघतात तर खरंच, चुलीपासून तळ्याच्या पायऱ्या खाली उतरतायत. फडताळात डब्यांच्या मधून मासे फिरतायत. पायरीला कालवं चिकटलीत, धारदार शिंपांची. अनसूयाबाई भीत नाहीत; वाकून बघतात.

"अगोबाई! कालवं तर खाडीत असतात. आपल्या तळ्यात कमळं ना?"

"होती. माझ्या वेळी उधाणाचं पाणी बांधाशी थांबायचं. आता दर्याच चढलाय. बांध ओलांडून येतो."

"तळ्यात येऊन त्याला काय हवंय?"

"ते त्याला विचार. मी तुला विचारत्ये. पाणी चाखलंस?"

"तुळशीच्या आधी? शिव शिव!"

"तेरा वर्षांत एकदाही नाही?" अक्का खो खो हसतात. "अगो वेडे, महिनाभर मीठ पाजत्येस तिला!"

"पण व्रत मोडेल ना…"

"आणि तुळसच गेली तर व्रत कुणाचं करशील?"

अक्का त्यांचं बोट धरून तांब्यात बुडवतात. बोट गार पडतं, मग कोपर, मग खांदा…

माळ मांडीवरून घसरते आणि अनसूयाबाई दचकून जाग्या होतात. अंगणात कुणी नाही. तांब्याचं झाकण मात्र बाजूला पडलंय आणि उजव्या हाताचं एकच बोट ओलं आहे.

क्षणभर घुटमळून त्या ते बोट जिभेवर ठेवतात.

खारट.

तांब्या तसाच ठेवून त्या कळशी उचलतात आणि वरच्या आळीतल्या विहिरीवर जातात. पोहरा वर येतो. आज त्या आधी ओंजळ तोंडाला लावतात.

गोडं आहे. अजून.