नाण्यावरचं डाळिंब

माझ्याकडे एक नाणं आहे. त्याबद्दल कोणी विचारलं की ते कुठल्या काळातलं, कुठल्या राज्यातलं, हे मी उत्साहानं सांगतो. ते घेताना मी काय केलं ते मात्र सांगत नाही. आज तेच सांगायला बसलो आहे.

नाणं काशाचं आहे, अंगठ्याच्या नखाएवढं. जेरुसलेमच्या आसपास पूर्वी यहुदिया नावाचं ज्यूंचं राज्य होतं, तिथलं, दोन हजार वर्षांहून जुनं. एका बाजूला झिजलेली अक्षरं. दुसऱ्या बाजूला फळाफुलांनी भरलेली दोन शिंगं आणि त्यांच्या मधोमध एक डाळिंब. मी बारामतीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. तिथल्याच एका पुस्तकात या नाण्याचं चित्र पाहिलं आणि ते डोक्यातून जाईना, कारण इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडे, आमची डाळिंबाची बाग आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मुरमाड रानात पहारीनं खड्डे घेऊन ती लावली. माझं सगळं शिक्षण त्या बागेवर झालं.

मग एकदा बारामतीतल्या मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन आणि विक्री असल्याचं कळलं. नेमकं त्याच दिवशी तात्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा दाखवायला आणलं होतं. दवाखाना लवकर उरकला. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल आणि डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा, असा त्यांचा थाट होता.

"तात्या, तुम्ही गाडीत बसता का? पाच मिनिटांत येतो."

"गाडीत काय कोंबडी हाय व्हय मी, झाकून ठिवायला? चल, बघू तुजा बाजार."

आत शिरल्यावर तिसऱ्याच टेबलावर, काळ्या मखमलीवर, ते नाणं दिसलं.  तेवढ्यात आमच्या कॉलेजचे दोन प्राध्यापक भेटले. एरवी मी त्यांना पुस्तकं काढून देणारा माणूस. पण त्या हॉलमध्ये ते मला प्रश्न विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. मला ते फार आवडत होतं, हे कबूल करतो.

मी शिंगांचा अर्थ सांगत असताना तात्यांनी नाणं उचललं, काळा चष्मा कपाळावर चढवला, बोटाला थुंकी लावून नाणं चोळलं आणि धोतराला पुसलं.

"अहो काका! थुंकी काय लावता!" विक्रेता ओरडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

प्राध्यापक बघत होते. मी म्हणालो, "आमच्या गावाकडचे आहेत. दवाखान्यात आले होते."

तात्या माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांचे डोळे अधू झाले असतील, पण कान शाबूत आहेत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चष्मा खाली ओढला आणि विक्रेत्याला म्हणाले, "व्हय व्हय, गावाकडचाच हाय मी. सायबांनी गाडीत घेतलं म्हून आलो." आणि मग मला, "पर सायेब, ह्ये घिऊ नगा."

"का बरं?" विक्रेत्यानंच विचारलं.

"येका अंगाला ठोकलंय. कड फुटलीय. आन् ह्ये डाळिंब बगा, समदं डाग. तेल्या पडलाय ह्याला. आमच्याकडं आसला माल मार्केटला कुणी हातात बी धरत न्हाय."

तेल्या म्हणजे डाळिंबावर काळे डाग पाडणारा रोग. दोन हजार वर्षांच्या काशावर पडलेल्या खड्ड्यांना तात्यांनी तेल्या ठरवलं होतं. विक्रेत्यालाही हसू फुटलं. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि तो हात त्याच्यापुढे धरला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. फडक्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात.

"काका, मला यातलं काही कळत नाही हो."

"मग निम्म्यावर या. समजायला सोपं."

निम्म्यावर नाही, पण विक्रेता बराच खाली आला. मी नाणं घेतलं. "तुमचे गाववाले भारी आहेत बरं का," एक प्राध्यापक म्हणाले आणि मी हसलो. मला सगळ्यात जास्त टोचतं ते माझं हसणं. बोलताना तोंडातून चुकून गेलं असं म्हणता येईल, हसताना तसं म्हणता येत नाही.

परतताना तात्या नाण्याची डबी मुठीत धरून बसले होते. मी गाडी चालवत होतो. भिगवण आल्यावर त्यांनी डबी उघडली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डाळिंब मातर झकास काढलंय. मुकुट बरोबर जमलाय." फळाच्या शेंड्याला असतो, त्या मुकुटाबद्दल ते बोलत होते. त्यापलीकडे काही नाही.

घरी पोचल्यावर मात्र त्यांनी आईला हाक मारली. "अगं, पोरगं तयार झालं! भर बाजारात बापाला वळख न्हाय दिली!"

मी दारातच थांबलो. पण तात्या रंगात आले होते. बैलबाजारात ते आणि चुलते वेगवेगळे जायचे. एकानं भाव विचारायचा. दुसऱ्यानं अनोळखी बनून मध्ये यायचं आणि बैलाचे दात, खूर, अंगावरचा केसांचा भोवरा, सगळ्याला नावं ठेवायची. मालक खचला की सौदा स्वस्तात जमलाच. "मला वाटलं कालेजात ऱ्हाऊन इसरला आसंल. न्हाय इसरला. म्हनला कसा, गावाकडचे आहेत! मग मी बी तसाच चाललो फुडं."

आई पदर तोंडाला लावून हसली. दुसऱ्या दिवशी तिनं ते शेजारी सांगितलं. आठवड्यात साऱ्या वस्तीला कळलं. रविवारी मी बारामतीहून घरी गेलो की कोणीतरी पाठीवर थाप मारायचं, "काय सायेब, वळखता का आमाला?"

तीन रविवार मी ते कौतुक गिळलं. चौथ्या रविवारी तात्या बागेत फळांच्या भारानं वाकलेल्या फांद्या सुतळीनं बांधत होते आणि मी फांदी उचलून धरली होती. तेव्हा बोललो. "तात्या, मी सौद्यासाठी नव्हतं म्हटलं. मला लाज वाटली. सरांसमोर तुम्ही थुंकी लावलीत आणि मला तुमची लाज वाटली."

त्यांचा हात थांबला नाही. "गाठीवर बोट ठेव," ते म्हणाले. मी ठेवलं. त्यांनी सुतळी ओढून घेतली.

"ठावं हाय मला. सौद्यात खोटं बोलणाऱ्याचा कान लाल हुत न्हाय. तुजं दोन्ही झालं हुतं."

"मग घरी तसं का सांगितलंत?"

"मग काय सांगू तुज्या आईला? चार दिस जेवली नसती ती." ते पुढच्या झाडाकडे सरकले. "वाईट वाटलं. न्हाय कशाला म्हनू? भिगवणपातुर लय वाटलं."

"आणि मग?"

"मग डबी उघडली. डाळिंब बघितलं."

 मी वाकून त्यांच्या पायाला हात लावणार तोच बांधावर पिकअपचा हॉर्न वाजला. सांगोल्याचा एक व्यापारी यंदा पहिल्यांदाच बाग बघायला येणार होता. तात्या एकदम सावध झाले.

"डोळं पूस आदी. आन् त्या पल्याडच्या वळीत जा. तू पुन्याचा व्यापारी. मी तुजा कुनी न्हाय, समजलं?"

मी मुकाट्यानं गेलो. आमच्याच झाडाखाली उभा राहून आमचंच फळ परक्यासारखं फिरवून बघू लागलो. व्यापारी आला. तात्या त्याला म्हणाले, "ह्ये पावणं सकाळपासनं माझ्या मागं लागल्यात. मी अजून व्हय म्हनलं न्हाय."

व्यापाऱ्यानं मला पाहिलं, तात्यांना पाहिलं, पुन्हा मला पाहिलं.

"तात्या, व्यापारी पुन्याचा, आन् नाक तुमचं कसं काय?"

तात्या इतके हसले की त्यांना फांदी धरावी लागली. हसू ओसरल्यावर टॉवेलानं डोळे टिपत ते म्हणाले, "थोरला हाय माजा. नाण्यातलं लय कळतं त्येला. भावातलं काय कळत न्हाय."

त्या दिवशी भाव काही वाढून मिळाला नाही. आई म्हणते, तुझ्या नाकानं घालवला.